मेलबर्न: जुन्या लाकडी घराचे स्टंप बदलायचेत (रिस्टंपिंग). सगळे बदलावेत की फक्त खराब झालेले?

पश्चिमा

नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला फूट्सक्रेजवळ राहतो. घर 1950 च्या दशकातलं, वेदरबोर्डचं, म्हणजे बाहेरून लाकडी फळ्या, वर पत्रा आणि खाली आपल्यासारखं जोतं वगैरे काही नाही, जमिनीत पुरलेल्या लाकडी स्टंपवर सगळं घर टेकलंय. घेताना बिल्डिंग इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमधे एक ओळ होती की काही स्टंप पुढेमागे बदलावे लागतील, ती वेळ आता आलीये असं दिसतंय.

लक्षणं सांगते. हॉलमधून किचनकडे चालताना उतार पायाला कळतो. मागच्या बेडरूमचं दार उन्हाळ्यात चौकटीत घट्ट अडकतं आणि हिवाळ्यात आपोआप मोकळं होतं. त्याच दाराच्या वरच्या कोपऱ्यातून प्लास्टरला तिरपी भेग गेलीये, आणि एका भिंतीला स्कर्टिंग आणि फ्लोअरबोर्डच्या मधे करंगळी जाईल एवढी फट आहे.

गेल्या रविवारी मी स्वतः टॉर्च घेऊन घराखाली सरपटत गेले. स्टंप वरून बघितला तर एकदम ठणठणीत, ठोकला तर टणटण वाजतो, पण जमिनीलगत जिथे माती लागते तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर फारसा जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला, बाहेर काढला तर टोकाला ओला लालसर भुसा. त्याच्या शेजारचा स्टंप तर वरच्या तुळईला टेकलेलाच नाही, मधे बोटभर फट, कोणीतरी कधीकाळी तिथे पाचरी ठोकल्या होत्या त्याही खाली मातीत पडल्यात. म्हणजे त्या जागी घर नुसतं शेजारच्या स्टंपांच्या भरवशावर उभं आहे.

तीन कोटेशन आलीत. एकजण म्हणतो फक्त मागच्या बाजूचे खराब तेवढे बदलू, 7 हजार डॉलर. दुसरा म्हणतो सगळे काँक्रीटचे, 19 हजार. तिसरा सगळे काँक्रीट, 26 हजार, पण त्यात पर्मिट आणि इन्स्पेक्शन धरलंय. आम्हाला पुढच्या वर्षी किचन नवीन करायचंय, डिसेंबरमधे आईबाबा येतायत. इतके पैसे जमिनीखाली घालायचे आणि वर काहीच दिसणार नाही म्हणून घरात जरा वाद चालू आहे. कोणी केलंय का हे काम? सगळे बदलावेत का? आणि किचनच्या आधी की नंतर?

---

सुतारपक्षी

किचनच्या आधी. यावर दुसरं मतच नको. घर उचललं की टाइल, बेंचटॉपचा सांधा, कपाटांची दारं सगळं हलतं. आम्ही मेलबर्नमधेच प्रेस्टनला केलंय, सविस्तर संध्याकाळी लिहितो.

---

गोदातीर

मी नाशिकला असते, विषय वाचून उत्सुकता वाटली. घर उभं असताना त्याच्या खालचे खांब बदलतात म्हणजे नेमकं काय करतात? माणसं, सामान आत असतानाच?

---

ओळंबा

मी सिव्हिलवाला, मेलबर्नजवळ जिलॉंगला असतो, घरांच्या फाउंडेशनचंच काम बघतो. गोदातीर ताई, आधी सांगाडा सांगतो म्हणजे पुढचं सगळ्यांना सोपं जाईल.

जमिनीत स्टंप. स्टंपांच्या रांगेवर आडव्या तुळया, त्यांना बेअरर म्हणतात. बेअररवर काटकोनात जॉईस्ट, ते जरा बारीक आणि जवळजवळ. जॉईस्टवर फ्लोअरबोर्ड, आणि भिंतींचा लाकडी सांगाडा त्यावर. सगळं लाकूड, सगळं हलकं, त्यामुळे खालून जॅक लावून थोडं थोडं उचलता येतं, दगडविटांच्या घराला हे जमणार नाही. स्टंप साधारण दीड ते पावणेदोन मीटरवर असतात, म्हणजे तीन बेडरूमच्या घराखाली सत्तर-ऐंशी किंवा त्याहून जास्त सहज निघतात.

विक्टोरियात जुने स्टंप बहुतेक रेड गमचे, मरे नदीकाठचं निलगिरीच्या कुळातलं झाड, लाकूड जड आणि टिकाऊ. पण कितीही टिकाऊ असलं तरी जमिनीच्या रेषेवर ते कुजतंच, कारण बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात आणि ती दोन्ही एकत्र मिळतात फक्त त्या चार बोटांच्या पट्ट्यात. खोल मातीत हवा कमी, वर ओल कमी. म्हणून पश्चिमा ताईंना वरून टणटणीत आणि खाली भुसा असं सापडलं. वरून बघून स्टंप चांगला आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माती चार-सहा इंच उकरून टोचून बघितला तरच कळतं.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. दार उन्हाळ्यात अडकतं आणि हिवाळ्यात सुटतं. नुसतं लाकूड कुजल्याने घर असं वर्षभरात खालीवर होत नाही, कुजलेला स्टंप खाली जातो आणि खालीच राहतो. हे मातीचं काम आहे. मेलबर्नच्या पश्चिमेची बहुतेक जमीन बेसॉल्टवरची, ज्वालामुखीच्या लाव्हाचं पठार, फूट्सक्रेचे जुने ब्लूस्टोनचे कट्टे आणि गल्ल्या त्याच दगडाच्या. हा दगड झिजून जी चिकणमाती होते ती आपल्या काळ्या मातीच्या जातीची. विदर्भ मराठवाड्यात ज्यांनी उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा बघितल्यात त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला त्यामानाने अगदी अलीकडचा, काही लाख ते चाळीसेक लाख वर्षांचा, पण मातीचा स्वभाव तोच, पाणी मिळालं की फुगते, सुकली की आकसते.

इथे याचं वर्गीकरण आहे, ऑस्ट्रेलियन स्टँडर्ड 2870. ए म्हणजे वाळू-खडक, जवळजवळ न हलणारी. एस 20 मिमीपर्यंत, एम 20 ते 40, एच-1 40 ते 60, एच-2 60 ते 75, ई त्याहून जास्त. म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग कोरड्या आणि ओल्या टोकांमधे एवढा खालीवर होऊ शकतो. पश्चिमेला एच आणि ई सर्रास. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की स्टंप कशाचा हा दुसरा प्रश्न, घराखाली पाणी कुठून येतंय आणि कुठून जातंय हा पहिला. त्याचं उत्तर न शोधता 26 हजार घातले तरी काही वर्षांनी दार परत अडकेल.

---

सुतारपक्षी

आता बसून लिहितो. आमचं घर ब्रिक व्हेनियर आहे, म्हणजे बाहेरची एक थर वीट स्वतःच्या काँक्रीटच्या पट्टीवर उभी आणि आतलं सगळं लाकडी, स्टंपवर. अशा घरात बाहेरच्या भिंती जागच्या जागी राहतात आणि आतली जमीन मधे खचते, त्यामुळे खिडकीच्या चौकटीपाशी वीट आणि लाकूड यांचा सांधा वाकडा दिसायला लागतो. वेदरबोर्डला सगळं एकत्र हलतं म्हणून उलट सोपं जातं.

काम कसं झालं ते सांगतो. घराखाली वाकून काम करण्याइतकी जागा असेल तर फ्लोअरबोर्डला हात लावत नाहीत. आमच्याकडे पुढच्या खोल्यांत जागा होती पण मागे उतारामुळे जॉईस्ट जमिनीपासून हातभरसुद्धा नव्हते, तिथे त्यांनी फळ्या नंबर टाकून उपटल्या आणि वरून काम केलं. हे कोटेशनमधे स्पष्ट लिहून घ्या, फळ्या काढणं आणि परत बसवणं कोणाच्या अंगावर, आणि तुटल्या तर भरून कोण देणार, कारण जुन्या बाल्टिक पाइनच्या किंवा हार्डवुडच्या फळ्या त्याच रुंदीच्या मिळायला फार शोधावं लागतं.

मग बेअररच्या खाली तात्पुरते लाकडी ठोकळे आणि बॉटल जॅक लावून भार घेतात, एका रांगेतले एकाआड एक स्टंप काढतात, सगळे एकदम नाही. जुना स्टंप खणून बाहेर काढतात, खड्डा खोल करतात, आमच्याकडे गुडघ्याच्या वर होता. मग काम थांबतं. इन्स्पेक्टर येऊन खड्ड्यांची खोली आणि तळ बघतो, त्याने हो म्हटल्यावरच तळाला काँक्रीटचं पॅड ओतायचं आणि त्यावर नवीन स्टंप. तो काँक्रीटचा तयार येतो, साधारण 100 मिमी चौरस, आत लोखंडी सळ्या, वर बेअररला बांधायला पट्टी किंवा सळई. पॅड घट्ट झालं की लेव्हल.

लेव्हल म्हणजे खरी कसोटी. आमचा मिस्त्री इटालियन म्हातारा होता, लेझर होतं त्याच्याकडे पण शेवटी तपासायला पाण्याची नळीच काढली, आपले गवंडी वापरतात तीच पारदर्शक नळी. एका कोपऱ्याला खूण करायचा, दुसऱ्या कोपऱ्यात मी नळी धरून उभा, पाणी स्थिर होईपर्यंत बोलायचं नाही. जॅकचा दांडा एकदोनदाच दाबायचा, थांबायचा, वर जाऊन भिंती आणि दारं बघून यायचा, मग पुढचा स्टंप. घाईघाईत एका दिवसात घर वर आणणारे असतात, त्यांच्या मागे प्लास्टरचे तुकडे गोळा करावे लागतात. साठसत्तर वर्षं हळूहळू वाकलेलं लाकूड आहे ते, एकदम सरळ व्हायला तयार नसतं.

आणि हो, अगदी शून्य लेव्हलचा हट्ट धरू नका. छप्पर, चौकटी, खिडक्या सगळ्यांनी त्या वाकड्या स्थितीशी जुळवून घेतलेलं असतं, कुठेकुठे पूर्वीच्या मालकाने दारं तासून वाकड्या चौकटीत बसवलेली असतात. चांगला माणूस सांगतो की इथपर्यंत आणतो, यापुढे नेलं तर काच फुटेल.

आम्ही राहत होतो त्या काळात, पण मुलीला मैत्रिणीकडे पाठवलं होतं कारण दिवसभर धूळ आणि ठोकाठोक. वयस्कर माणसं घरात असताना करू नका, डिसेंबरच्या आधी उरकत असेल तरच सुरू करा.

---

पश्चिमा

सुतारपक्षी दादा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद, घरी मोठ्याने वाचून दाखवलं. चिमणीचं काय होतं? आमच्या हॉलमधे जुनी विटांची फायरप्लेस आहे, वापरात नाही.

आणि ओळंबा, पाण्याचं डोक्यात आलंच नव्हतं. मागच्या बाजूला न्हाणीघर आणि लाँड्री आहे, आणि तिथलेच स्टंप सगळ्यात वाईट आहेत. शेजाऱ्याचं एक भलंमोठं गम ट्री, म्हणजे निलगिरी, कुंपणाला लागून आहे, त्या बाजूचं बेडरूम म्हणजेच ते अडकणारं दार.

---

सुतारपक्षी

चिमणीला स्वतःचा पाया असतो, ती उचलत नाहीत. घर तिच्याभोवती वर येतं, त्यामुळे तिच्या आजूबाजूचं स्कर्टिंग आणि छताची पट्टी आधीच सोडवून ठेवतात आणि पत्र्याजवळची फ्लॅशिंग, म्हणजे चिमणी आणि पत्र्याच्या सांध्यावरची पाणी अडवणारी पट्टी, नंतर तपासून घ्यावी लागते नाहीतर पहिल्याच पावसात गळेल.

---

दारची_तुळस

आम्ही पाच वर्षांपूर्वी फक्त खराब झालेले अकरा-बारा बदलले, अजून काही त्रास नाही. सगळे बदला म्हणणाऱ्याला मोठं काम हवं असतं हेही लक्षात घ्या. प्रत्येक घराला पूर्ण रिस्टंपिंग लागतंच असं नाही.

---

ओळंबा

तुळस ताई, तुमचा मुद्दा काही ठिकाणी बरोबर आहे. वाळूच्या भागात, म्हणजे मेलबर्नच्या समुद्रकाठच्या बेसाइडकडे वगैरे, जिथे माती हलत नाही आणि कुज फक्त नळ गळत होता त्या कोपऱ्यात आहे, तिथे तेवढेच बदलणं शहाणपणाचं. ज्यांना दोनचार वर्षांत घर पाडून टाउनहाऊस बांधायचीत त्यांनीही पूर्ण खर्च करू नये.

पण हलणाऱ्या मातीत अर्धे खोल काँक्रीट पॅडवर आणि अर्धे जुने उथळ लाकडावर असं ठेवलं की दोन भाग वेगवेगळे हलतात. डुगडुगणाऱ्या टेबलाचा एकच पाय नवा लावल्यासारखं होतं, डुगडुग तिथून निघून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. भेग मग बरोबर त्या दोन भागांच्या सीमेवर येते. आणि सगळे स्टंप एकाच वेळी, एकाच झाडाच्या जातीचे, एकाच मातीत घातलेले आहेत, मागचे संपलेत तर पुढचे किती काळ राहतील हा विचार करा. पश्चिमा ताईंनी पुढच्या बाजूचे दहाबारा माती उकरून टोचून बघावेत. त्यातले अर्ध्याहून जास्त मऊ निघाले तर सगळे बदला, मग उगाच वाद नको.

---

ब्रिस्बेनकर

इकडे क्वीन्सलँडची वेगळीच तऱ्हा आहे. इथली जुनी घरं उंच स्टंपवर असतात, खालून वारा खेळावा, वाळवी दिसावी आणि पूर आला तर पाणी खालून जावं म्हणून. प्रत्येक स्टंपवर पत्र्याची टोपी असते, अँट कॅप, तिने वाळवी मरत नाही, पण तिला वर जायला टोपीच्या कडेवरून मातीचा बोगदा बांधावा लागतो आणि तो डोळ्यांना दिसतो. म्हणून रिस्टंपिंग करताना नव्या स्टंपवर टोप्या घालतायत का ते बघा, काही लोक काँक्रीटचा आहे म्हणून घालत नाहीत, पण वाळवी काँक्रीटवरूनही बोगदा बांधून लाकडापर्यंत जाते.

इथे रिस्टंपिंग म्हटलं की बरेच जण सोबत घरच उचलून घेतात, खाली 2.4 मीटर उंची मिळाली की ती खोली राहण्यायोग्य म्हणून मंजूर होऊ शकते. 2011 च्या आणि मग 2022 च्या पुरानंतर आमच्या आसपास बऱ्याच जणांनी घरं वर नेली. गॅल्वनाइज्ड स्टीलचे खांब वापरतात, वर स्क्रू असतो, पुढे माती हलली तर पाना लावून लेव्हल करता येते. पश्चिमा, तुमच्या मातीला हे सोयीचं पडेल का ते ओळंबा सांगतील.

---

ओळंबा

पडेल, आणि मला आवडतातही. तीन पर्याय थोडक्यात: लाकूड सगळ्यात स्वस्त पण परत तेच चक्र. काँक्रीट सगळ्यात रुळलेलं, मात्र आतली सळई कडेपासून पुरेशी आत हवी, नाहीतर ओल जाऊन गंज धरतो, सळई फुगते आणि काँक्रीट फुटतं. सत्तरच्या दशकातले असे फुटलेले काँक्रीट स्टंपही मी बघितलेत, तेव्हा काँक्रीट म्हणजे कायमचं असं नाही. स्टील महाग, पण लेव्हल परत करता येते, हलणाऱ्या मातीत हा फार मोठा फायदा. फक्त कापलेल्या आणि वेल्ड केलेल्या जागी झिंकचा थर परत दिलाय का बघायचं.

आता झाड आणि पाणी.

मोठं गम ट्री उन्हाळ्यात मुळांनी माती कोरडी करतं, त्या बाजूचं घर बसतं. हिवाळ्यात माती भरते, घर वर येतं. दार त्याच तालावर अडकतंय. हलणाऱ्या मातीत झाड त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकं तरी लांब असावं असा ठोकताळा आहे, 15 मीटरचं झाड तर 15 मीटर. पण म्हणून ते तोडायला सांगू नका. एक तर शेजाऱ्याचं आहे आणि कौन्सिलची परवानगी लागू शकते, आणि दुसरं म्हणजे तोडल्यावर इतकी वर्षं कोरडी राहिलेली माती पाणी पिऊन फुगते आणि घर उलट दिशेने वर ढकलते. 1997 ते 2009 च्या मोठ्या दुष्काळात मेलबर्नच्या पश्चिमेला घरोघरी भेगा पडल्या होत्या आणि नंतर पाऊस आल्यावर त्यातल्या कित्येक घरांना उलट्या बाजूने त्रास झाला. त्या झाडासाठी मुळं अडवणारा उभा पडदा जमिनीत घालता येतो, त्याचा विचार करा, पण झाड कोलमडणार नाही ना हे आर्बरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, विचारूनच.

न्हाणीघराची बाजू मला जास्त सतावतेय. 50 च्या दशकातलं घर म्हणजे सांडपाण्याची पाइप बहुतेक मातीची, भाजलेली, दीडदोन फुटांवर सांधे. एक सांधा जरी सरकला असेल तरी रोजचं आंघोळीचं पाणी घराखाली. प्लंबरला कॅमेरा घालून बघायला सांगा, स्टंपवाल्याला बोलावण्याच्या आधी. मग पन्हाळी आणि डाउनपाइप बघा, पाणी कुठे जातं ते पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा. घराभोवतीची जमीन घरापासून बाहेर उतरती हवी. आणि भिंतीच्या तळाशी असतात त्या हवेच्या जाळ्या फरशी, डेक किंवा फुलांच्या वाफ्याने बंद झाल्यात का ते बघा. घराखाली कुबट वास येत असेल तर हवा खेळत नाहीये.

---

पश्चिमा

कुबट वास येतो. मागच्या बाजूला आधीच्या मालकाने काँक्रीटचा अंगणवजा चौथरा केलाय आणि तिथल्या तीन जाळ्या त्याच्या खाली गेल्यात. आज जाऊन बघितलं.

---

सडा_रांगोळी

वाचताना आमचं राजापूरचं घर आठवलं. माजघरातले खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडी तळखड्यावर ठेवलेत, लाकूड मातीला लागतच नाही. शंभरच्या वर वर्षं झाली, इतका पाऊस पडतो तिथे तरी खांबांची बुडं शाबूत. पडवीचा एक खांब मात्र कुठल्याशा दुरुस्तीत सिमेंटमधे पक्का केला होता, तो काही वर्षांत बुडाशी कुजला. मग गावच्या सुतारांनी तुळईला टेकू देऊन खालचा हातभर भाग कापला आणि नवीन सागाचा तुकडा खाच पाडून सांधला, खाली परत दगड दिला. मी तेव्हा लहान होते पण ते टेकू आणि वरची कौलं अजिबात न हलता तसंच उभं राहिलेलं छप्पर स्पष्ट आठवतं. जुन्या स्टंपखाली इथे दगड का देत नसतील?

---

ओळंबा

फार चांगला प्रश्न आहे. इथे खाली लाकडाचीच आडवी पाटी ठेवायचे, भार पसरायला, आणि मग माती लोटायचे. कोकणात जांभा आहे, तो फुगत नाही, त्यामुळे तळखडा पृष्ठभागावर ठेवून चालतं. इथल्या चिकणमातीवर नुसता दगड ठेवला तर तो मातीबरोबर दर मोसमात खालीवर होईल, म्हणून खोल जावं लागतं, जिथे ओल वर्षभर साधारण सारखी राहते तिथपर्यंत. आपल्याकडे काळ्या मातीसाठी रुरकीच्या सीबीआरआयने, म्हणजे केंद्रीय भवन संशोधन संस्थेने, अंडररीम्ड पाइल काढली, म्हणजे जमिनीत खोल जाणारा काँक्रीटचा खांब, खाली फुगीर कांदा असलेली, तीही त्याच कारणासाठी, वरची माती हलली तरी बूड घट्ट राहावं. पण लाकूड मातीपासून वेगळं ठेवायचं हे तत्त्व तुमच्या सुतारांचं अगदी बरोबर, आणि काँक्रीट किंवा स्टीलचा स्टंप तेच करतो.

---

कागदोपत्री

पर्मिटचं कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितोय, हे वाचल्याशिवाय कोणावरही सही करू नका.

विक्टोरियात रिस्टंपिंगला बिल्डिंग पर्मिट लागतं, ते घराच्या आधाराचं काम आहे, साधी दुरुस्ती नाही. पर्मिट बिल्डिंग सर्व्हेयर, म्हणजे बांधकामाला मंजुरी देणारा अधिकृत माणूस, देतो आणि काँक्रीट ओतायच्या आधी खड्ड्यांची तपासणी होते. कॉन्ट्रॅक्टर नोंदणीकृत हवा, रिस्टंपिंगसाठी वेगळा नोंदणी वर्ग आहे, पूर्वी व्हीबीए, म्हणजे व्हिक्टोरियन बिल्डिंग अथॉरिटी, होतं त्या जागी जुलै 2025 पासून बिल्डिंग अँड प्लंबिंग कमिशन आलंय, त्यांच्या साइटवर नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. 10 हजार डॉलरच्या वरचं काम असेल तर लेखी करार बंधनकारक, सही झालेल्या कराराची प्रत मिळाल्यावर पाच कामाच्या दिवसांत मागे घेता येतो. काम 20 हजार किंवा त्याहून वरचं असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त 5 टक्के, त्याखालच्या कामाला 10 टक्के. जो माणूस अर्धे पैसे आधी मागतो त्याला नमस्कार करून परत पाठवा.

पश्चिमा, तुमचं 19 हजारवालं कोटेशन पर्मिटशिवाय आहे का ते विचारा. त्यात पर्मिट, सर्व्हेयर, माती उचलून नेणं, अँट कॅप हे सगळं वेगळं लावलं तर ते 26 च्या जवळच जाईल. आमच्या ओळखीत एकांनी पर्मिट न घेता स्वस्तात करून घेतलं, घर विकताना खरेदीदाराच्या वकिलाने कागद मागितले तेव्हा भाव खाली आला. आणि घराचा विमा हळूहळू खचण्याचा खर्च सहसा देत नाही, त्या आशेवर राहू नका.

अजून एक, 1990 च्या आधीचं घर म्हणजे न्हाणीघर-लाँड्रीच्या भिंतींत आणि छपराच्या कडेच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असायची बरीच शक्यता आहे. जॅकिंगमधे ते शीट तडकतं. आधी नमुना तपासून घ्या, घराखाली जुने तुकडे टाकलेले असतात तेही बघा. तुम्ही सरपटत गेला होतात ना, पुढच्या वेळी चांगला मास्क घाला, काळजीपोटी सांगतोय.

---

पश्चिमा

सगळ्यांना अपडेट देते.

कॅमेरा घातला. लाँड्रीच्या खाली मातीच्या पाइपचा एक सांधा सरकलाय आणि त्यात मुळं शिरलीत, प्लंबरने स्क्रीनवर दाखवलं, केसांच्या गुंत्यासारखी पांढरी मुळं आणि बाजूने झिरपणारं पाणी. म्हणजे मागचे स्टंप बारा महिने ओल्यात उभे होते आणि झाडाच्या बाजूची माती कोरडी पडत होती, एकाच घराखाली दोन्ही. ओळंबा, तुम्ही नुसतं दाराचं वाक्य वाचून ओळखलंत, खरंच आभार.

पुढचे बारा स्टंप उकरून टोचले, त्यातले आठ मऊ. त्यामुळे घरातला वाद मिटला, सगळे बदलायचे. 19 हजारवाल्याला विचारलं, पर्मिट, माती आणि टोप्या धरून तो साडेचोवीसवर आला. 26 वाल्याने झाडाच्या बाजूचे स्टंप स्टीलचे, वर स्क्रूवाले, बाकी काँक्रीट असं थोडं वाढवून द्यायची तयारी दाखवली, त्याच्याच बाजूने मन आहे कारण तो स्वतः घराखाली गेला, इतर दोघांनी नुसती जाळीतून टॉर्च मारली होती. किचन पुढे ढकललं. आईबाबांना डिसेंबरऐवजी फेब्रुवारीत या म्हटलं, बाबा म्हणाले पाया आधी, पाहुणे नंतर.

आता क्रम सांगा. पाइप आधी, मग लगेच स्टंप? की मधे थांबायचं? आणि मिश्र स्टंप चालतात का?

---

ओळंबा

मिश्र चालतात, खोली आणि पॅड सगळ्यांचं सारखं असेल तर. सर्व्हेयरच्या ड्रॉइंगमधे तसं दाखवून घ्या.

पाइप आधी, पीव्हीसीची नवीन टाका, दुरुस्ती नको. चौथऱ्याच्या कडेची पट्टी कापून त्या तीन जाळ्या मोकळ्या करा आणि घराखाली वारा वाहू द्या. लगेच लेव्हल करायला घेऊ नका, इतकी वर्षं ओली असलेली माती सुकताना आकसेल, निदान काही आठवडे द्या, जमलं तर जास्त. तोवर मागच्या त्या अधांतरी स्टंपच्या जागी तात्पुरता आधार लावून घ्या, तेवढं काम लगेच करायचं. दर पंधरवड्याला आठदहा ठरलेल्या जागी लेव्हल मोजून वहीत लिहा, आकडे स्थिरावले की कॉन्ट्रॅक्टरला हाक मारा. स्टंप झाल्यावर प्लास्टर आणि रंगालाही घाई नको, एक उन्हाळा जाऊ द्या, भेगा ज्या व्हायच्या त्या होतील आणि मग एकदाच बुजवा.

---

दारची_तुळस

आठ मऊ निघाले म्हणजे प्रश्नच मिटला, मीही आता आमचे उकरून बघणार आहे या रविवारी. आमची माती कुठल्या वर्गात येते हे कुठे कळेल?

---

कागदोपत्री

तुळस ताई, तुमच्या गल्लीत अलीकडे कोणी नवीन घर बांधलं असेल तर त्यांच्या सॉइल रिपोर्टमधे लिहिलेलं असतं, विचारून बघा. नाहीतर जिओटेक्निकलवाल्याकडून, म्हणजे माती तपासणाऱ्याकडून, स्वतःची टेस्ट करून घ्या, दोनचार भोकं पाडतात आणि वर्ग लिहून देतात.

---

सुतारपक्षी

पश्चिमा ताई, शेवटची एक गोष्ट, खड्डे उघडे असताना हवामान बघत राहा. आमच्याकडे इन्स्पेक्टर सकाळी बघून गेला आणि दुपारी पाऊस आला, खड्ड्यांत वीतभर पाणी. मिस्त्रीने पाणी उपसलं, तळाचा मऊ झालेला चिखल घट्ट माती लागेपर्यंत खरवडून काढला, इन्स्पेक्टरला परत फोन केला आणि मगच दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतलं. कोणी पाण्यातच ओतू लागला तर तिथेच थांबवा. खड्ड्यांवर झाकायला पत्रे किंवा ताडपत्री आधीच आणून ठेवायला सांगा. आणि प्रत्येक खड्ड्याचा टेप धरून फोटो काढा, नंतर माती लोटली की खोली कोणालाच दिसत नाही.